मुदतवाढ मिळणेबाबत

शंका घेणं हे सुशिक्षित माणसाचं आद्य कर्तव्य आहे. नांदेडच्या ज्या महाविद्यालयात मी ग्रंथपाल होतो, तिथे हे वाक्य मी निदान सहा वेळा व्यासपीठावरून उच्चारलं आणि सहाही वेळा टाळ्या पडल्या. पगार मात्र मला पुस्तकं मोजून घेण्याचा मिळत होता, आणि घरात माझी एकही शंका आजवर कोणी मनावर घेतल्याचं आठवत नाही.

सहाव्या वेळचा कार्यक्रम बँकेच्या नावाने येणाऱ्या फसव्या ईमेलविषयी होता. व्यासपीठामागे भिंतीएवढा फलक, त्यावर प्राचार्यांचा फोटो विषयापेक्षा मोठा. दीपप्रज्वलन, स्वागतगीत, शाल, श्रीफळ, परिचय, प्रास्ताविक. पाहुणे एका बँकेचे अधिकारी होते. एवढं सगळं उरकल्यावर त्यांना बोलायला अकरा मिनिटं मिळाली. त्यातली चार त्यांनी सत्काराचे आभार मानण्यात घालवली आणि उरलेल्या सातांत ‘सतर्क राहा’ हे निरनिराळ्या आवाजांत सांगितलं. मुलं सतर्क बसली होती, कारण बाहेर नाश्त्याची पाकिटं आली होती.

म्हणून मीच एक पानभर मजकूर लिहून काढला. खोटा मेल घाई करतो, धमकी देतो, तुमचं नाव घेत नाही, पाठवणाऱ्याचा पत्ता भलताच असतो आणि शेवटी कुठलंतरी बटण दाबायला सांगतो, असं साध्या भाषेत. त्याच्या झेरॉक्स मुलांना वाटल्या. उरल्या त्या नातेवाइकांना पाठवल्या. लातूरला सासऱ्यांनाही एक गेली.

आठ दिवसांनी त्यांचा फोन आला.

"जावईबापू, तुमचं परिपत्रक मिळालं. पण खाली सही न्हाई, जावक क्रमांक न्हाई. कुणाच्या अधिकारात काढलं हे?"

"मामा, ते नुसतं माहितीसाठी आहे."

"मग माहितीस्तव म्हणून लावतो फायलीला."

आमच्याकडे सासऱ्याला मामा म्हणतात आणि सासूला मामी. मामा तहसील कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झाले. नोकरीची सुरुवात किनवटला, शेवट अहमदपूरला, आणि घर बांधलं लातूरला. माणूस अत्यंत सरळ. आयुष्यात कुणाचा कागद त्यांनी दडपला नाही आणि कुणाचा घाईने पुढेही सरकवला नाही. मला ते जावईबापू म्हणतात. या शब्दात मान भरपूर आहे, अधिकार काही नाही. ताट पहिल्यांदा माझ्यापुढे येतं. मत कुणी विचारत नाही, आणि मी सांगितलंच तर आधी आणखी एक पोळी वाढतात.

निवृत्तीवेतनाचा तपशील मेलवर येतो म्हणून माझ्या बायकोने त्यांना ईमेल उघडून दिला होता. मामा तो पडद्यावर वाचत नाहीत. पडद्यावरच्या मजकुराला ते कागद धरत नाहीत. दर मंगळवारी आणि शुक्रवारी ते गंजगोलाईजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात जातात. तिथे ऑनलाइन फॉर्मही भरून मिळतात. दुकानदाराला सगळं गिऱ्हाईक भाई म्हणतं. भाईच मामांचा मेल उघडतो, आलेलं सगळं छापतो, मामा घरी येऊन त्याला भोकं पाडतात, वर आल्याची तारीख टाकतात आणि फायलीला लावतात. मामांचा पासवर्ड भाईच्या वहीत, आणखी पंचवीस-तीस निवृत्तांच्या पासवर्डांच्या रांगेत लिहिलेला आहे. हे मला कळलं तेव्हा मी बराच वेळ बोललो होतो. मामांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "वही त्यो कुलपात ठेवतो."

तर अशाच एका मंगळवारी दुपारी फोन आला. पुढच्या बुधवारी मामींच्या दोन्ही गुडघ्यांची शस्त्रक्रिया ठरलेली होती. दोन वर्षं टाळून टाळून मामी तयार झाल्या होत्या. पायरी चढताना त्या भिंतीला धरून आडव्या चढत, आणि चढून झाल्यावर पाच मिनिटं कुणाशी बोलत नसत. शस्त्रक्रियेचे सगळे पैसे मामांच्या एकाच खात्यात होते. त्यामुळे फोन उचलताना मला वाटलं, दवाखान्याचं काही असेल.

"बँकेचं पत्र आलंय," मामा म्हणाले. आवाजात समाधान होतं.

त्यांनी ते मला वाचून दाखवलं. ‘आदरणीय ग्राहक महोदय, आपली केवायसी अपूर्ण असल्याचे निदर्शनास आले आहे. चोवीस तासांत पूर्तता न केल्यास आपले खाते कायमस्वरूपी बंद करण्यात येईल. कृपया खालील बटण दाबून माहिती भरावी.’

"मामा, हे खोटं आहे. काही करू नका."

"कशावरून?"

मला हायसं वाटलं. कशावरून हे मला पानभर पाठ होतं.

"चोवीस तासांची घाई बघा ना."

"नोटिशीत मुदत असतेच. मी आयुष्यभर काढल्या. मुदत न्हाई ती नोटीस कसली?"

"खातं बंद करायची धमकी आहे."

"कसूर केल्यास कारवाई होईल, हे लिहावंच लागतं. न्हाईतर कोण येतंय?"

"तुमचं नाव कुठे आहे त्यात?"

"सर्वांना पाठवलेलं असणार. परिपत्रकात नाव नसतं."

"पाठवणाऱ्याचा पत्ता वाचा. बँकेचं नाव आहे का त्यात?"

कागद वाजला. मामांनी पत्ता बघितला असावा. "प्रभारी असल चार्जवर," ते म्हणाले. "दुसऱ्या कचेरीतून पाठवलं असल."

माझ्या पानावरची एकेक खूण त्यांनी खोडून काढली होती, आणि तीही वाद घालून नव्हे. चाळीस वर्षं ज्या प्रकारची पत्रं त्यांनी स्वतः लिहिली, टाइप करून घेतली आणि गावोगाव पाठवली, त्यांचंच वर्णन मी त्यांना ऐकवत होतो. घाई, धमकी, नाव नसणं, सही कुणाची हे न कळणं. आपल्याकडच्या प्रत्येक खऱ्या पत्राची हीच लक्षणं आहेत. चोरांनी नवीन काही शोधून काढलेलं नव्हतं. त्यांनी फक्त ‘आदरणीय’ हा शब्द घातला होता, आणि तेवढ्यानेच मामा हरखले होते. बँकेने त्यांना इतकी वर्षं खातेधारक म्हटलं होतं.

"ठीक हाय," मामा म्हणाले. "तुमचं म्हणणं लेखी पाठवा."

"मी व्हॉट्सॲप करतो."

"त्याला लेखी म्हणत न्हाईत."

"पण मामा, तुम्ही तो फॉर्म भरणार नाही ना?"

"आधी खुलासा करावा लागल," ते म्हणाले आणि फोन ठेवला.

खुलासा म्हणजे काय ते मला दुसऱ्या दिवशी कळलं. बुधवारी सकाळी मामांनी फुलस्केप कागदावर शाखाधिकाऱ्यांच्या नावे अर्ज लिहिला. ‘आपल्या संदर्भीय पत्रास अनुसरून सविनय सादर की, मी हयात असून माझी सर्व कागदपत्रे यापूर्वीच दाखल आहेत.’ सोबत तो छापलेला मेल जोडला, त्याच्या कोपऱ्यात ‘सहपत्र एक’ असं लिहिलं, दोन प्रती केल्या आणि बँकेत जाऊन टपाल घेणाऱ्या टेबलावर दिल्या. तिथल्या बाईंनी गठ्ठा बघितला, मान वर न करता गोल शिक्का उचलला आणि दोन्ही प्रतींच्या प्रत्येक पानावर मारला. अर्जावर मारला आणि मेलवरही मारला. आवक क्रमांक टाकला. खाली लफ्फेदार सही केली. एक प्रत पोच म्हणून मामांना परत दिली.

म्हणजे बुधवारी अकरा वाजेपर्यंत तो चोरांचा मेल होता. अकरानंतर त्याच्यावर बँकेचा शिक्का, तारीख, क्रमांक आणि सही होती.

"जावईबापू," दुपारी फोनवर मामा म्हणाले, "तुमची शंका मिटली. बँकेनं शिक्का मारून दिला पत्रावर."

मी काय बोललो ते लिहिण्यासारखं नाही. जावयाने सासऱ्याशी बोलताना जेवढं चालतं, त्याच्या दोन बोटं पुढे गेलो एवढं खरं. मागून मामींचा आवाज आला, "काय म्हणून राहिले जावईबापू?"

"रागावून राहिले," मामांनी सांगितलं.

"जेवले न्हाईत वाटतं अजून," मामी म्हणाल्या.

मी बायकोला सांगितलं, तूच बोल तुझ्या वडिलांशी. ती बोलली. वीस मिनिटं बोलली. फोन ठेवून म्हणाली, "ते म्हणतात, तुझा नवरा शिकलेला माणूस आहे, पण कचेरीत बसलेला नाही."

गुरुवारी मात्र जे ऐकलं, त्यावर मी रजा नसतानाही रजा टाकली. बँकेकडून खुलाशाला उत्तर आलं नव्हतं, येणारही नव्हतं. मुदत तर उलटून गेली होती. मामांना रात्री झोप लागली नाही. मुदत उलटणं हा त्यांच्या लेखी गुन्हा होता. नोकरीत त्यांची एकही मुदत कधी उलटलेली नव्हती. म्हणून त्यांनी भाईकडे जाऊन त्या मेललाच उत्तर पाठवलं. विषय: मुदतवाढ मिळणेबाबत. पत्नीच्या शस्त्रक्रियेच्या तयारीत असल्याने पूर्तता करता आली नाही, तरी पंधरा दिवसांची मुदतवाढ मंजूर व्हावी, ही नम्र विनंती. खाली पूर्ण नाव, पत्ता आणि मोबाइल नंबर.

चोरांकडे त्यांनी मुदतवाढ मागितली होती.

आणि चोरांनी ती दिली. एका तासात उत्तर आलं. ‘आदरणीय महोदय, आपल्या विनंतीचा सहानुभूतीपूर्वक विचार करून शुक्रवारी सायंकाळी पाच वाजेपर्यंत मुदतवाढ मंजूर करण्यात येत आहे. आमचे अधिकारी आपणास दूरध्वनी करतील. आपल्या पत्नींच्या प्रकृतीस शुभेच्छा.’

मामांनी हे मला फोनवर वाचून दाखवलं. शुभेच्छांपाशी ते थांबले. या माणसाने आयुष्यात काही हजार अर्ज लिहिले, लिहून दिले, लोकांचे स्वीकारले. त्यांच्या स्वतःच्या अर्जाला इतक्या आदराने कुणी उत्तर दिल्याचं मी तरी ऐकलं नव्हतं.

"पंधरा दिवस न्हाई दिले," ते म्हणाले, "पण माणसं चांगली हायेत."

शुक्रवारी सकाळची लातूरची एसटी पकडली. लोह्यापर्यंत उभा होतो. अहमदपूरला गाडी थांबली तेव्हा खाली उतरून भाईला फोन लावला. त्याचा नंबर मामांनीच कधीतरी दिला होता.

"साहब, मैं तो मंगलवार को ही बोल्या उनको," भाई म्हणाला. "भाऊसाहेब, ये फ्रॉड हय, ऐसे रोज चार आते मेरे पास. तो बोले, तू झेरॉक्स निकाल. फिर गुरुवार को शिक्का लेको आए. मेरे सामने रख दिए, बोले, पढ. अब बँक का शिक्का देखको मैं क्या बोलूं?"

"तर मग ती मुदतवाढ कशाला टाइप करून दिली?"

"साहब, मैं टाइपिंग के पैसे लेता हूँ, सल्ले के नहीं," भाई म्हणाला. मग जरा थांबून म्हणाला, "आज चार बजे आने वाले हैं, फॉर्म भरने को. कार्ड लेको. जल्दी आव."

चाकूरपर्यंत मी घड्याळ बघत होतो. मामांना फोन केला तर ते म्हणाले, "या, या, मामींनी शेंगदाण्याच्या पोळ्या केल्यात."

घरी पोहोचलो तेव्हा साडेअकरा झाले होते. मामा कडक इस्त्रीचा सदरा घालून तयार होते. टेबलावर फाइल, फाइलवर पासबुक, पासबुकावर डेबिट कार्ड, सगळं रबराने बांधलेलं. मी जेवायला नकार दिला. त्यावरून दहा मिनिटं गेली. शेवटी दोन पोळ्या उभ्या उभ्या खाल्ल्या आणि मामांना म्हणालो, "फॉर्म भरायच्या आधी एकदा बँकेत जाऊ. त्यांना समोरासमोर विचारू." यावर त्यांचा आक्षेप नव्हता. बँकेत जायला ते कधीच नाही म्हणत नाहीत.

शाखेत पाऊण तास बसल्यावर एका काचेमागच्या उपव्यवस्थापकाने आम्हाला बोलावलं. तिशीचा मुलगा होता. मी शिक्का मारलेला मेल त्याच्यापुढे ठेवला आणि म्हणालो, "हे पत्र तुमचं नाही. एवढंच यांना सांगा."

त्याने कागद उचलला. मजकुराकडे बघितलंच नाही. शिक्क्याकडे बघितलं.

"शिक्का आमच्याच शाखेचा आहे."

"शिक्का तुमचा आहे. पत्र तुमचं नाही."

"आवक क्रमांक पण आमचाच आहे."

"कारण तुमच्या टेबलावर मारला तो. बुधवारी."

त्याने पुन्हा बघितलं. मामा माझ्याकडे बघत होते, फार न बोलता जिंकणाऱ्या माणसाच्या नजरेने. शेवटी त्या मुलाने मजकूर वाचला, आणि त्याच्या चेहऱ्यावरचा रंग थोडा बदलला. "हा फसवा मेल आहे, काका," तो म्हणाला. "बँक असं मेलवर कधी मागत नाही. काही भरू नका."

मला वाटलं, संपलं.

"तसं लेखी द्या," मामा म्हणाले.

"काका, मी सांगतोय ना तोंडी."

"तोंडी कशाला? दोन ओळी लिहा. सदर पत्र या शाखेचे नाही. खाली सही करा."

मुलगा खुर्चीत मागे टेकला. "असं लेखी देता येत नाही. प्रादेशिक कार्यालयाची परवानगी लागेल."

"बरोबर हाय," मामा म्हणाले. त्यांना ते मनापासून पटलं होतं. मुलाकडे त्यांनी ज्या कौतुकाने बघितलं, तसं लग्नात मला हार घालतानाही बघितलं नव्हतं.

मी आवाज चढवला. तुमच्याच शिक्क्यामुळे हे झालंय, तुम्हीच निस्तरा, असं काहीतरी म्हणालो. मागच्या भिंतीवर ‘सतर्क राहा’ असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं होतं आणि खाली एका हसणाऱ्या कुटुंबाचं चित्र. मुलगा म्हणाला, हवं तर खात्यावरचे व्यवहार थांबवता येतील, खातेदाराची सही लागेल. मामा सही करायला तयार नव्हते. का म्हणून थांबवायचे? बुधवारी पैसे लागणार होते.

बाहेर पायरीवर ते म्हणाले, "जावईबापू, तुम्हीच सांगा. एक जण पत्र पाठवून माहिती मागून राहिला. दुसरा नुसतं तोंडी सांगून राहिला, भरू नका. चाळीस वर्षं नोकरी केलेल्या माणसानं कुणाचं ऐकावं?"

उन्हात उभा होतो, शर्ट पाठीला चिकटला होता, आणि माझ्या लक्षात येत होतं की हा माणूस मूर्ख नाही. मूर्ख असता तर समजावता आला असता.

घरी आलो. तीन वाजले. मामींनी चहा दिला आणि दारातच उभ्या राहिल्या, दोन्ही हात चौकटीला लावून. "तुमचं दोघांचं चालू द्या," त्या म्हणाल्या. "माझे गुडघे बुधवारी हायेत. तेवढे शिल्लक ठेवा."

मामा फाइल चाळत होते. मुदतवाढ मंजूर झाल्याचं पत्र त्यांनी सगळ्यात वर लावलं होतं. मी ते बघत बसलो. वर मामांच्या अक्षरात आल्याची तारीख होती आणि भाईने छापलेल्या अर्जावर पाठवल्याची. दोन्ही तारखा एकच.

"मामा," मी म्हणालो, "तुमच्या नोकरीत सगळ्यात लवकर उत्तर कुठल्या अर्जाला दिलं होतं?"

त्यांनी चष्मा वर केला. प्रश्न त्यांना आवडला. "किनवटला असताना. इस्लापूरचा एक अर्ज होता, बांधाच्या भांडणाचा. अकरा दिवसांत निकाली काढला. तहसीलदारसाहेबांचे सासरे होते ते."

"त्याहून लवकर कधी?"

"न्हाई."

"आणि साहेबांचे सासरे नसते तर?"

"चार-पाच महिने," मामा म्हणाले. "तेही पाठपुरावा केला तर."

"मग हे उत्तर एका तासात कसं आलं?"

मामांनी मेल उचलला, डोळ्यांजवळ नेला, लांब धरला. तारीख वाचली. अर्जाची तारीख वाचली. मग पुन्हा मेल वाचला, पहिल्यापासून, ओठ हलवत. इतके दिवस त्यांनी त्यातला आदर वाचला होता. आता ते त्यातलं कामकाज वाचत होते.

तेवढ्यात फोन वाजला. मामा प्रत्येक फोन स्पीकरवर घेतात, साक्षीदार असावा म्हणून.

"नमस्कार सर, बँक के केवायसी विभाग से बोल रहा हूँ," अत्यंत गोड आवाज. "सर, आपकी मुदत आज पाँच बजे खत्म हो रही है. कार्ड सामने है ना सर?"

"है," मामा म्हणाले. माझा हात फोनकडे गेला. मामांनी तो डाव्या हाताने बाजूला केला. "पहले मेरे अर्ज का आवक क्रमांक बताव."

"सर?"

"अर्ज. मुदतवाढ का. रजिस्टर में कितने नंबर पे चढ्या?"

"सर, चार हजार दो सौ बारह," आवाज म्हणाला. एक सेकंदही लागला नाही.

मामांनी माझ्याकडे बघितलं. "टिपणी किसने लिखी?"

"सर, वो सब हो गया है. आप बस कार्ड के सोलह नंबर..."

"टिपणी किसने लिखी, सही किसकी हुई, और मंजूर किसने किया?"

"सर, सब मैंने ही किया."

मामांनी फोन बंद केला. कार्ड उचललं, पासबुकात ठेवलं, रबर लावलं. चष्मा काढून सदऱ्याने पुसला.

"नंबर एवढ्या लवकर सापडत न्हाई," ते म्हणाले. "रजिस्टर काढावं लागतं, तारीख बघावी लागते. आन एकच माणूस टिपणी लिहितो, सही करतो, मंजूर करतो? अशी कचेरी नसते."

मग त्यांनी लाल पेनाने मेलवर ‘दप्तरी दाखल’ असं लिहिलं, खाली बारीक सही केली आणि तो फायलीच्या तळाशी लावला. पानभर खुणा लिहून मला जे जमलं नाही, ते त्यांनी टिपणीवरून केलं.

इथे मी थांबायला हवं होतं. बायको फोनवर तेच म्हणाली. पण इतक्या धावपळीनंतर काहीतरी ठोस करावं असं मला वाटत होतं. चोरांकडे मामांचा नंबर आहे, मेलचा पासवर्ड भाईच्या वहीत आहे, उद्या दुसरा कोणी फोन करेल. शनिवारी शाखा उघडी होती. मी मामांना घेऊन पुन्हा त्या मुलाकडे गेलो आणि खात्यावरचे व्यवहार थांबवण्याचा अर्ज दिला. मामा म्हणाले, "बुधवारचं काय?" मी म्हणालो, सोमवारी उठवून घेऊ, दोन दिवसांची तर सावधगिरी आहे. अर्जावर त्यांनी सही केली, कारण या खेपेला मी ते सगळं लेखी मांडलं होतं.

हा अर्ज बँकेने वीस मिनिटांत मंजूर केला.

सोमवारी गेलो तेव्हा तो मुलगा प्रशिक्षणाला गेला होता. त्याच्या जागी बसलेल्या बाई म्हणाल्या, थांबवणं शाखेच्या अधिकारात आहे, उठवणं प्रादेशिक कार्यालयाच्या. त्यासाठी नवा अर्ज लागेल, दोन फोटो लागतील, केवायसी नव्याने करावी लागेल. किती दिवस? ते सांगता येणार नाही. मी म्हणालो, परवा शस्त्रक्रिया आहे. त्या म्हणाल्या, अर्जात तसं नमूद करा.

मामांनी तिथेच बसून अर्ज लिहिला. मी शेजारी उभा होतो. पत्नीच्या शस्त्रक्रियेचा उल्लेख त्यांनी दुसऱ्या परिच्छेदात केला. पोच घेतली.

घरी मामी पलंगावर बसल्या होत्या. दवाखान्यात न्यायची पिशवी भरून ठेवलेली होती. मामांनी त्यांना सगळं सांगितलं, माझी बाजू शक्य तितकी सांभाळून.

मामींनी ऐकून घेतलं. "जावईबापू," त्या म्हणाल्या, "त्या चोराचा नंबर हाय का तुमच्याकडं?"

"कशाला, मामी?"

"त्यो लवकर काम करतो म्हणून."

मंगळवारी मी नांदेडला बायकोला फोन करून आमच्या दोघांच्या नावची मुदतठेव मोडायला लावली. दवाखान्यात पैसे भरले. पावती मामांनी मागून घेतली, तिच्यावर माझं नाव आहे याची खात्री केली आणि तिची झेरॉक्स मला देऊन मूळ पावती फायलीला लावली. बुधवारी दोन्ही गुडघे ठरल्याप्रमाणे झाले.

याला आता सात आठवडे झाले. मामी कोपऱ्यावरच्या दुकानातून भाजी स्वतः चालत जाऊन आणतात. खातं अजून बंद आहे.